धरून ठेवलेली जागा

१

समाजकेंद्राचं कुलूप काढलं की ताई आधी समुद्राकडच्या खिडक्या उघडायच्या, मग खुर्च्या मांडायच्या, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या रांगेतल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर एक पांढरा रुमाल ठेवायच्या. चौघडी घातलेला, बरोबर मधोमध. सकाळी म्हाताऱ्यांचा व्यायाम असो, दुपारी शिवणवर्ग असो की संध्याकाळी नाटकाची तालीम, तो रुमाल हलायचा नाही. कोणी नवखा तिथे टेकायला गेला की चार-सहा जण एकदम ओरडायचे, "अहो, ती नको! ती ताईंच्या दादाची!" बिचारा चटका बसल्यासारखा उठायचा आणि इकडेतिकडे दादाला शोधायला लागायचा.

दादा दिसणार कुठून? तो बोटीवर गेला तेव्हा ताई दोन वेण्या घालणारी पोर होती. आता त्या वेण्यांचा एक अंबाडा झाला होता, तोही लिंबाएवढा आणि पांढराफेक.

लोक मागे हसायचे, पण प्रेमाने. गावाला एखादं तरी खूळ हवंच की सांभाळायला. आणि ताई पगार न घेता झाडलोट करत होत्या, त्यामुळे केंद्राच्या अध्यक्षांचीही काही हरकत नव्हती.

२

केंद्र व्हायच्या आधी ते चॅपल होतं. समुद्राला अगदी खेटून, इतकं की उधाणाच्या दिवसांत प्रार्थनेच्या मध्येच दारातून फेस आत यायचा आणि पाद्रीबाबा पाय वर घेऊन पुढचं वाचायचे. लांबलचक लाकडी बाक होते. बसताना करकरायचे, उठताना तर त्याहून जास्त. सगळं चॅपल एकदम उभं राहिलं की तो आवाज छातीत भरायचा. ताईंना लहानपणी वाटायचं, देव म्हणतात तो हाच असणार.

प्रत्येक घराचा आपला बाक, बाकावर प्रत्येकाची आपली जागा. घरातला कोणी समुद्रावर गेला की त्याच्या जागेवर त्याचा रुमाल ठेवायचा. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, अगदी तसाच. तो परत आला की चॅपलमध्ये येऊन स्वतःच्या हाताने रुमाल उचलायचा, खिशात कोंबायचा आणि बसायचा. झालं. आला.

आणि नाहीच आला, तर वर्ष सरल्यावर घरातलंच कोणीतरी तो उचलायचं. त्या वेळी सगळं चॅपल उभं राहायचं. रुमाल उचलून झाला की घरातल्या मोठ्या माणसाने म्हणायचं, "बसा." लोक बसायचे. त्यानंतर त्या घराने वाट पाहायची नाही. पुढच्या खेपेला त्या जागेवर पाहुणा बसला तरी कोणी काही बोलायचं नाही.

रुमालाच्या कोपऱ्यात ज्याची त्याची खूण असायची. दादाच्या रुमालावर आईने निळ्या दोऱ्याचा मासा काढला होता. आई डावखुरी, त्यामुळे तिचे टाके उलट्या बाजूला कललेले. शेवटी दोरा तोडायच्या आधी ती एकाऐवजी दोन गाठी मारायची, कारण तिचा कशावर म्हणून विश्वास नव्हता.

"मला पण कर ना एक," ताईंनी हट्ट धरला होता. "माझ्यावर चिमणी काढ. लाल."

आईने कान धरला होता. "रुमाल गेलेल्यांचा असतो. तू आहेस ना इथे, माझ्या डोळ्यांसमोर? मग तुला कशाला हवा?"

दादाचं वर्ष सरलं तेव्हा पाद्रीबाबा आपण होऊन घरी आले. आईने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, बोलणं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा लेक स्वतः उचलेल." पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी पाद्रीबाबांनी नाद सोडला. रुमाल उन्हाने पिवळा पडला की आई तसाच नवा शिवायची, तोच मासा, त्याच दोन गाठी. "बसा" हा एवढासा शब्द त्या बाईच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही. जाताना तिने ताईंचा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "जागा धरून ठेव हं."

ताईंनी ठेवली. हळूहळू गाव पांगलं, पाद्रीबाबा गेले, चॅपलला कुलूप लागलं. मग तिथे समाजकेंद्र करायचं ठरलं. सुताराने बाक उपटले आणि त्यांच्याच फळ्यांचं पुढे स्टेज बांधलं. ताई किल्ली मागायला गेल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाईला समाजसेवेची हौस आहे. फरशीवर बाकांच्या पायांचे डाग अजून होते. त्यांच्यावर पाय येतील अशा बेताने त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, म्हणजे दादाची जागा इंचभरही सरकायची नाही.

३

धाकटी बहीण आली ती ताईंची बॅग भरायलाच. तिचं घर समुद्रापासून लांब, डोंगरापलीकडच्या शहरात. दादा गेला तेव्हा ती पाळण्यात होती, त्यामुळे तिच्यासाठी दादा म्हणजे भिंतीवरचा फोटो.

"ताई, बास झालं आता," ती म्हणाली. "गुडघे बघ तुझे. कधी पडलीस-बिडलीस तर इथे आहे कोण? माझ्याकडे खोली रिकामी आहे, ऊन येतं छान."

बोलताबोलता तिने पलंगावरचं वर्तमानपत्र उचललं, कपबशी उचलली, उशीखालचा चष्मासुद्धा उचलला. तिला ती खोडच होती. पडलेलं काही दिसलं की उचलल्याशिवाय तिच्या हाताला चैन पडायची नाही. लहानपणी तिच्यामागे ताईंना सगळ्या घरात वस्तू शोधत हिंडावं लागे.

"आणि दादाची जागा?" ताईंनी विचारलं.

धाकटी जवळ येऊन बसली. आवाज मऊ केला. "उचल ना गं तो रुमाल. रीतसर उचल. केंद्रात जुन्या फोटोंचं प्रदर्शन आहे ना, त्याला सगळं गाव जमणारच आहे. सगळे उभे राहतील. आईला नाही जमलं, तू कर. किती वर्षं उभी राहणार आहेस तू त्याच्यासाठी?"

ताईंना रडू आलं. खरं सांगायचं तर त्या दमल्या होत्या. दादाचा चेहरासुद्धा आता नीट आठवत नव्हता. आठवायचा तो त्याचा हात. बाकावर बसला की तो ताईंच्या मागून पाठीवर हात लांब टाकून बसायचा. ताईंची मान त्या लोकरी बाहीला टेकायची, आणि बाही नेहमी थोडी ओली असायची.

"बरं," त्या म्हणाल्या. "उचलते."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, खुर्च्या मांडल्या, दादाचा रुमाल ठेवला आणि झाडू आणायला मागे गेल्या. परत आल्या तर शेजारच्या खुर्चीवर आणखी एक रुमाल होता.

कोणीतरी विसरलं असेल. पण विसरेल कोण? व्यायामवाले अजून यायचे होते. कालचा राहिला असेल म्हणावं, तर खुर्च्या आताच मांडल्या होत्या, रात्रभर त्या एकावर एक रचलेल्या होत्या. वाऱ्याने आला म्हणावं, तर वारा काही चौघडी घालत नाही. ताईंनी स्वतःशीच सगळं घोळवून पाहिलं आणि शेवटी म्हणाल्या, "असेल काहीतरी." रुमाल दमट होता. त्यांनी तो सापडलेल्या वस्तूंच्या खणात टाकून दिला.

त्याच्या पुढच्या दिवशी तो पुन्हा तिथेच. खणात पाहिलं तर खण रिकामा, तळाला मिठाची पांढरी रेघ.

या वेळी ताई तो घेऊन खिडकीशी गेल्या आणि चष्मा लावला. कडेचे टाके उलट्या बाजूला कललेले होते. शेवटी दोन गाठी. कोपऱ्यात लाल दोऱ्याची चिमणी.

ताईंनी अंगठा चिमणीवरून फिरवला. बाहेर व्यायामवाल्यांचे आवाज यायला लागले, कोणीतरी गुडघ्यावरून विनोद केला, सगळे हसले. ताईंनी रुमाल मुठीत दाबला. हाताला लागला तो थंडगार ओलावा, धुतल्याचा नव्हे, समुद्रातून काढलेल्या दोराला असतो तसा.

५

"मी? मी कशाला ठेवू?" धाकटी म्हणाली. "आणि भरतकाम? ताई, मला बटण लावता येत नाही. तुला माहीत नाही का?"

माहीत होतं. तरीही विचारून पाहिलं होतं. धाकटीने लगेच बारीक डोळे केले. "काय झालंय? बरं नाही का तुला?"

"काही नाही गं. शिवणवर्गाच्या पोरींची चेष्टा असेल."

यापुढे बोलायची सोयच नव्हती. एक शब्द जास्त बोलल्या असत्या तर धाकटीने त्याच दिवशी गाडी बोलावली असती, आणि वाटेत डॉक्टरांनाही दाखवलं असतं.

सुतार प्रदर्शनासाठी फळ्या ठोकत होता. ताई त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"स्टेज करकरतं का रे हल्ली?"

"करकरणारच," सुतार तोंडातले खिळे काढत म्हणाला. "बाकांचं लाकूड आहे ते. खारी हवा पितं नि फुगतं. एवढी वर्षं माणसं बसवायची सवय, आता नाटकवाले वर नाचतात. कुरकुर करणार नाही तर काय करेल?"

"पण आवाज इकडून येतो. खुर्च्यांकडून."

"प्लॅस्टिक कुठलं करकरायला, ताई!" सुतार हसला. मग ताईंच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू आवरलं. "तुम्ही जरा बसा बघू. पाणी आणू का?"

ताई बसल्या, पण पलीकडच्या रांगेत.

६

रुमाल रोज यायला लागला. ताईंनी तो खणात टाकणं बंद केलं. आधी दोन दिवस आपण चळलो असू, असं त्यांना मनापासून वाटायचं. एकदा तर त्यांनी मुद्दाम त्या रांगेत खुर्च्या मांडल्याच नाहीत. झाडू घेऊन परत आल्या तेव्हा रुमाल फरशीवर होता, बाकाच्या पायांच्या दोन डागांच्या मध्ये, जमिनीवर उघडा. ताईंना आपलीच लाज वाटली. त्यांनी धावत जाऊन खुर्ची आणली.

रुमाल गेलेल्यांचा असतो, असं आई म्हणाली होती. ताई त्या वाक्यापाशी सारख्या अडखळत होत्या. मी तर इथेच आहे. कुठेही गेले नाही. साधं शहर पाहिलं नाही मी.

मग दुपारच्या उन्हात, शिवणयंत्रं पुसताना, त्यांच्या लक्षात आलं. इथून पाहिलं तर दादा गेला. आई गेली. पण ती सगळी जिथे असतील तिथे एकत्र असतील, त्यांचा बाक भरलेला असेल, आणि त्या बाकावर एकच जागा रिकामी असेल. तिथून पाहिलं तर न आलेलं माणूस कोण?

ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि काट्यापाठोपाठ, विश्वास ठेवा न ठेवा, त्यांना इतकं बरं वाटलं की त्या यंत्रावर डोकं ठेवून रडल्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्याची वाट पाहिली होती. आपलीही कोणी पाहत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आईने चिमणी काढली होती. लालच. लक्षात ठेवून.

म्हणजे डोंगरापलीकडे राहायला गेलं तरी बिघडत नव्हतं. जागा धरलेली होती. वेळ आली की आपण यायचं आणि आपल्या हाताने रुमाल उचलायचा. तोवर त्याला कोणी हात लावला नाही म्हणजे झालं.

७

प्रदर्शनाला गाव लोटलं. म्हाताऱ्या बायका फोटोंना नाकं लावून स्वतःला शोधत होत्या. "ही मी! बघ किती बारीक होते!" "तू नाही ती, तुझी आत्या." एका फोटोत दुसऱ्या रांगेत दादा होता, तोंड हललेलं, पुसट, पण बाकाच्या पाठीवर टाकलेला हात अगदी स्पष्ट, आणि त्या हाताखाली दोन वेण्या.

अध्यक्षांनी भाषण केलं आणि ते संपवायचं राहून गेलं. शेवटी कोणीतरी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी घसा साफ केला. "आता आपल्या ताई... म्हणजे जुन्या पद्धतीप्रमाणे... कृपया सर्वांनी उभं राहावं."

सगळे उभे राहिले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवर खरडल्या. ताई दुसऱ्या रांगेकडे निघाल्या. उचलायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. खुर्चीपाशी जायचं, सगळ्यांसमोर सांगायचं की माझ्याने होत नाही, आणि मागे फिरायचं. धाकटी रागावेल, रागावू दे.

त्या पोचल्या. दादाच्या खुर्चीवर रुमाल नव्हता.

सकाळी त्यांनी स्वतः ठेवला होता. आता बैठक ओली होती, पाणी कडेवरून थेंबथेंब खाली पडत होतं. शेजारच्या खुर्चीवर चिमणीचा रुमाल जिथल्या तिथे होता.

ताईंनी ओल्या बैठकीवर तळहात टेकवला.

"आला," त्या म्हणाल्या. "आला गं आई. उचलला त्याने."

लोकांना वाटलं, रुमाल ताईंच्या मुठीत आहे आणि बाई मनातलं बोलते आहे. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सुताराने मान खाली घातली. अध्यक्षांना पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून ते म्हणाले, "बसा, बसा मंडळी. चहा आहे."

८

चहा झाला, लोक पांगले. धाकटी बॅगा दाराशी आणून उभ्या करत होती. ताई अजून खुर्चीपाशीच होत्या. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती. त्या उजेडात त्यांना दिसलं, चिमणीवाल्या खुर्चीच्या पाठीवर एक ओली रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणसाचा हात लांब टाकल्यावर उमटते तेवढी. लोकरीचा ओला वास येत होता.

ताईंनी मान थोडी मागे नेली. टेकवली नाही, पण नेली.

"येते हं," त्या हळूच म्हणाल्या. "एवढी हिच्याकडे राहून येते. जास्त नाही राहवायचं मला. तू बस."

आणि हलक्या पावलांनी, कित्येक वर्षांत नव्हत्या इतक्या हलक्या, त्या दाराकडे निघाल्या. अध्यक्षांच्या हातात किल्ल्या दिल्या. अध्यक्ष आभार मानायला लागले, ते नेहमीप्रमाणे संपेनात. ताईंचं लक्षच नव्हतं. त्या मनातल्या मनात आईशी बोलत होत्या.

मागून धाकटीची चप्पल वाजली.

"घे," ती म्हणाली. "कशी गं धांदरट तू! रुमाल तसाच सोडून निघाली होतीस. खुर्चीवरून उचलून आणला."

तिच्या तळहातावर चिमणी होती.

ताईंनी वळून पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, खुर्चीच्या पाठीवरून एक गडद बाही सावकाश मागे घेतली गेली. हात आवरता घ्यावा तशी. बस, तेवढंच.

आणि मग चॅपल उभं राहिलं. एकही खुर्ची हलली नाही. पण सगळे बाक एकदम करकरले, पुढून मागेपर्यंत, घरामागून घर, तोच छातीत भरणारा आवाज. ताईंनी तो लहानपणी कितीदा तरी ऐकला होता, दुसऱ्यांसाठी. सगळे उभे होते आणि वाट पाहत होते, घरातल्या मोठ्या माणसाने बोलायची.

"नको," ताई म्हणाल्या. "आई, हिला माहीत नव्हतं. आई, नको ना म्हणूस."

खिडकीबाहेर लाट फुटली, मागे सरली. मग पुढच्या बाजूने आईचा आवाज आला, दमलेला, रडून झालेला.

"बसा."

बाक करकरले. सगळे बसले.

"काय गं, काय झालं?" धाकटीने ताईंचा दंड घट्ट धरला. "कोणी हाक मारली का तुला?"

"नाही," ताई म्हणाल्या. "कोणीच नाही."

धाकटीने रुमाल नीट घडी घालून त्यांच्या पर्समध्ये ठेवला. तो एव्हाना सुकला होता.